चंद्रावर न वाजणारी शिट्टी

अर्जदार: मधुकर धोंडू जाधव, वय पन्नाशीपलीकडे, व्यवसाय अर्जलेखन, राहणार किन्हवली, तालुका शहापूर. गैरअर्जदार: एका दिवाळी अंकाचे संपादक, ज्यांचे नाव सभ्यतेपोटी येथे लिहीत नाही. घटनेचा काळ: गेल्या वर्षीचा चैत्र सरताना लागलेला उन्हाळा, व तेथून आजपावेतो. घटनास्थळ: टेपाचा पाडा येथील टँकर थांबण्याची जागा, मुरबाड येथील सुर्वे सरांची ओसरी, आणि चंद्राचा दक्षिण ध्रुव. साक्षीदार: पाड्यावरच्या बायजीबाय, त्यांची सून सुमन, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक सुर्वे सर, आणि माझी पत्नी कुंदा, जिची साक्ष माझ्याविरुद्ध जाण्याचा संभव आहे, तरी सत्याच्या हितासाठी तिचे नाव नोंदवीत आहे.

तक्रारीचा विषय थोडक्यात असा की, अर्जदाराने चंद्रावर एकट्या अडकलेल्या माणसाची एक विनोदी व पूर्ण शास्त्रशुद्ध कादंबरिका लिहिली. संपादकांनी ती ठेवून घेतली आणि फोनवर सांगितले, "जाधवसाहेब, कल्पना छान आहे. पण ते टँकरच्या रांगेचं प्रकरण काढा, आणि तो कूकरही काढा. तहान हा काही हसण्याचा विषय नाही. पाड्यावरच्या बाया चंद्रावरून विनोद करतात, हे वाचकाला खोटं वाटेल. तेवढं काढलंत की छापतो." मी म्हणालो, "हे लेखी द्या." त्यानंतर दिवाळी येऊन गेली, लेखी काही आले नाही.

आता तोच उन्हाळा पुन्हा दारात उभा आहे. आज सकाळी शहापूरला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून मी भाताच्या रोपांसाठी राब भाजलेली शेते पाहिली. हिरवे-पिवळे काहीच न उरलेल्या रानात ते काळे चौकोन, त्यांच्यावरची राख, आणि मधूनच भेगाळलेली खाचरे. मोहाचा गोड, किंचित आंबूस वास धुळीत मिसळून आत येत होता. परक्या माणसाला हे रान ओसाड वाटेल. मला मात्र गेल्या वर्षीपासून ते पाहिले की चंद्राची आठवण येते, आणि छाती थोडी पुढे येते, कारण आमच्या तालुक्यातून चंद्रावर गेलेला पहिला माणूस मी पाठवलेला आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. असे असूनही माझ्या हातचा अर्ज कोणत्याही टेबलावर भाषेच्या कारणाने परत आलेला नाही. शहापुरात कचेऱ्यांच्या बाहेर जांभळाच्या झाडाखाली माझे टेबल असते. आठवडी बाजाराच्या दिवशी मी मुरबाडला बसतो. वारसनोंद, रेशनकार्डातले नाव, जमिनीची हद्द, हरवलेला दाखला. उन्हाळा आला की एकच विषय: पाणी मिळणेबाबत. मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या या तालुक्यात हा विषय मी इतक्या वेळा लिहिला आहे की पेन आपोआप तिकडे वळते.

अंतराळाची ओढ मला अशीच लागली. उन्हात गिऱ्हाईक नसते तेव्हा मी वाचनालयात बसतो, तेथे पंखा आहे. एका दुपारी वाचले की अंतराळस्थानकात माणसांचा घाम आणि मूत्र शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात. पुढे वाचले की चंद्राच्या ध्रुवाजवळ अशा दऱ्या आहेत, जिथे सूर्य कधीच पोचलेला नाही, आणि तेथे बर्फ आहे. मी पुस्तक मिटले. मनात आले, पाणी आहे, पण जिथे माणूस आहे तिथे नाही. हे तर माझे क्षेत्र आहे.

त्याच आठवड्यात अनंता शेलार जन्माला आला. मुरबाडकडचा, चंद्रावरील भारतीय तळावर पंपचालक. बाकीचे सगळे यानातून पृथ्वीवर परततात, यानात जागा कमी पडते म्हणून हा मागे राहतो, आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र बंद पडते. अनंता माझ्या शिकवणीतला असल्याने प्रथम पृथ्वीला अर्ज करतो. विषय: पाणी मिळणेबाबत. त्या प्रकरणातले एक वाक्य मला आजही आवडते: चंद्रावरून निघालेला संदेश सव्वा सेकंदात पृथ्वीवर पोचतो, परंतु पृथ्वीवर पोचल्यानंतर एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जाण्यास त्याला लागणारा वेळ विज्ञानाला अद्याप मोजता आलेला नाही.

टेपाच्या पाड्यावर मी गेलो होतो ते टँकरची दुसरी फेरी मागण्याच्या अर्जावर अंगठे घ्यायला. पाडा टेकाडावर आहे. खाली चिंचेखाली टँकर थांबतो. त्याच्या येण्याची वेळ फक्त त्यालाच ठाऊक असते, म्हणून तेथे माणसे उभी राहत नाहीत, हंडे उभे राहतात. हंडा लावला म्हणजे बाई हजर, असा तेथला कायदा आहे. बाई घरी भाकऱ्या थापत असो, करवंदे वेचायला गेलेली असो, तिच्या हंड्याला कोणी मागे सारत नाही. जर्मन धातूचे, प्लॅस्टिकचे, एक-दोन तांब्याचे, पोचे आलेले, तोंडाशी दोरी बांधलेले. ऊन चढले की धातूचे हंडे इतके तापतात की हात लावताना पदर घ्यावा लागतो. त्या रिकाम्या भांड्यांवरून वारा गेला की एक बारीक घुमणारा आवाज येतो.

अंगठे झाले तरी टँकर आला नाही. पिशवीत हस्तलिखित होते. सावलीत बसलेल्या बायांपुढे मी ते वाचायला घेतले. माझ्या साहित्याचे ते पहिले जाहीर वाचन.

मूत्र शुद्ध करण्याच्या ओळीवर सुमनने तोंडाला पदर लावला. "ईऽ, सोताचंच?"

"शुद्ध केलेलं," मी म्हणालो. "यंत्रातून काढलेलं."

बायजीबाय तंबाखू मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला काय ठाव गो, आपला टँकर कुठनं भरून येतो? त्याला निदान कुनाचं हाय ते म्हाईत हाय."

हशा पिकला तो असा, की चिंचेवरचे बगळे उठले. मी ते वाक्य तेथेच समासात लिहून घेतले, आणि बायजीबायला तसे सांगितलेही. ती म्हणाली, "लिव, लिव. पन माजा अंगठा मागू नको त्याच्यावर."

तेव्हापासून मी जात राहिलो. अर्जाचे काम असे की एकदाचे येणे पुरत नाही, आणि कादंबरीचे कामही तसेच. चढावर पोचायच्या आत कोणीतरी विचारायचे, "काय रे दादा, तुजा तो वरचा जित्ता हाय ना?" माझे स्वतःचे नातेवाईक माझी इतकी चौकशी करीत नाहीत. घरी कुंदा एवढेच म्हणायची, "चंद्रावर पाणी पोचवा खुशाल. येताना आपल्या मोरीतला नळ तेवढा बघा, आठवडा झाला गळतोय."

अनंता एके दिवशी दरीत उतरला. तेथे वजन सहावा हिस्सा असल्यामुळे त्याने एका खेपेला सहा हंडे बर्फ वर आणला. यावर रांगेत खूप चर्चा झाली. सुमनचे म्हणणे, आपल्याला लग्न करून तिथेच दिले असते तर एका फेरीत मोकळे झालो असतो. पुढचा प्रश्न असा होता की त्या बर्फात अमोनिया आणि गंधकाचे विषारी वायू असतात, ते मी वाचलेले होते; बर्फ तसाच तळाच्या आत नेला तर आतली हवा बिघडेल. म्हणून अनंताने हंडे बाहेर उन्हात मांडले. वायू उडून गेला, बर्फाचे पाणी झाले, ते त्याने आत नेले आणि पोटभर प्याला. हे वाचले तेव्हा पाड्यावर एक निःश्वास ऐकू आला. एक म्हातारी बाई तर माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं केलंस बाबा."

हे प्रकरण मी मुरबाडला सुर्वे सरांना दाखवले. मान्यता मिळेल या खात्रीने दाखवले, असे स्पष्ट नमूद करतो. सरांनी चष्मा लावून वाचले, दोनदा हसले, मग हंड्यांपाशी थांबले.

"मधुकर, हे होणार नाही."

"का होणार नाही, सर?"

"तिथे हवा नाही. हवेचा दाब नाही. उघड्यावरचा बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. हंडे रिकामे होतील. खाली थेंबसुद्धा राहणार नाही."

मी म्हणालो की याला पुरावा हवा. सरांनी आत हाक मारली, आणि बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कपाटातून डांबरगोळी आणून दिली. दिवाळीत ठेवली तेव्हा ती सुपारीएवढी होती म्हणे, आता वाटाण्याएवढी. सर म्हणाले, "ही वितळून साडी ओली झाली का?"

ती गोळी तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसलो. ओसरीवर दुपारचा वारा होता, बाहेर मालशेजकडे जाणाऱ्या गाड्यांची घरघर, आणि हातावर तो उग्र वास. सरांचे म्हणणे बरोबर होते. चुकीचा अर्ज दाखल राहू देणे हे माझ्या धंद्यात बसत नाही. पण अनंताचे पाणी गेले होते, आणि तो पाणी प्यालेला आहे असे टेपाच्या पाड्याला माझ्याच तोंडून कळलेले होते.

पुढच्या खेपेस मी रांगेपुढे उभा राहून दुरुस्ती वाचली. बर्फ उडून गेला. अनंता तहानलेलाच आहे.

मग बायजीबायने विचारले, "परवा प्याला ना तो?"

"ते शास्त्राला धरून नव्हतं."

"शास्तर गेलं चुलीत. पाजलेलं पानी कुनी काढून घेतं का रे? वैऱ्याचं नाय काढत."

मी त्यांना डांबरगोळी समजावली, दाब समजावला. त्यांना समजले, हे मी नमूद करतो. सुमन तर म्हणाली की माहेरच्या ट्रंकेत तसेच होते. समजले, पण मान्य झाले नाही. मी त्या दिवशी निघालो तेव्हा मागून कोणी निरोपाचे बोलले नाही.

नंतर गेलो तेव्हा रांगेत एक हंडा जास्तीचा होता. जुना, बुडाशी ठिगळ मारलेला, पांढरा पडलेला. मला आता सगळ्या हंड्यांची ओळख होती. मी विचारले, "हा कुणाचा?"

"तुज्या अनंताचा," बायजीबाय म्हणाली. "तो काय येनार नाय येवढ्या लांबून. मंग त्याचा हंडा लावला. कायदा सगळ्याला सारका."

इतक्या वर्षांत माझ्या लिखाणाने लोकांना दाखले मिळाले, नोंदी मिळाल्या. पण मी कागदावर जन्माला घातलेल्या माणसाला पाण्याच्या रांगेत जागा मिळावी, हा मान मला मागूनही मिळाला नसता. डोळ्यांत पाणी येण्याचा तो प्रसंग होता. ते आले नाही, कारण तेवढ्यात टँकर आला आणि भांडण सुरू झाले.

अनंताच्या हंड्याचा नंबर लागला. बायजीबायने तो भरला आणि आपल्या हंड्याशेजारी ठेवला.

"ही कुठली गो रीत?" पलीकडची बाई म्हणाली. "त्याचं पानी तुज्या घरी?"

"मंग चंद्रावर नेऊ?"

"तूच बरी त्याची वारस लागलीस."

"हंडा माजा हाय."

"हंडा तुजा, मानूस सगळ्यांचा."

शेवटी मला मध्ये पडावे लागले. वारसाहक्काचे काम मी रोज करतो. अनंता शेलार निपुत्रिक व गैरहजर असल्याने त्याच्या वाट्याचे पाणी पाड्यातल्या घरांनी आळीपाळीने न्यावे, असा तोडगा मी काढला आणि तो मान्य झाला. पहिली पाळी त्या घराला मिळाली जिथे सून बाळंतीण होती. हे ठरवायला कोणाला वेळ लागला नाही. ही रांग, तो हंडा आणि ते भांडण मी जसेच्या तसे कादंबरिकेत दाखल केले.

त्या रात्रीच्या जेवणाला कुंदाने कूकर लावला. मी ताटावर बसून शिट्टीकडे पाहत होतो. झाकण, दाब, आणि वाफेला एकच वाट. सकाळची पहिली एसटी धरून मी मुरबाड गाठले.

"सर, बर्फ कूकरमध्ये भरला तर?"

सरांनी कागद ओढून घेतला. "दरीतल्या थंडीत रबर काचेसारखं तडकेल."

"रबर तो घरात उबेला ठेवेल. बर्फ सावलीतून झाकून आणेल, दारापाशी आल्यावर झाकण लावेल."

"शिट्टीचं वजन तिथे सहावा हिस्सा. ती लवकर उचलली जाईल. दाब कमी, म्हणजे पाणी कमी उष्णतेला उकळेल. भात कच्चा राहील, मधुकर."

"पण बर्फाचं पाणी होईल?"

"पाणी होईल. विषारी वायू आधी शिट्टीतून निघून जाईल, हेही बरंच आहे. पण भात..."

"सर, त्याला भात नको आहे."

सर इतके हसले की बाई बाहेर आल्या. जाताना त्यांनी मला दारापर्यंत सोडले. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला विज्ञानाच्या शिक्षकाने दारापर्यंत सोडणे ही गोष्ट लहान नाही, आणि मी ती लहान मानीत नाही.

पाड्यावर ते प्रकरण वाचले तेव्हा करवंदे संपत आली होती, सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. अनंताने तळावरचा कूकर बर्फ भरून उन्हात ठेवला. शिट्टी उचलली गेली, पण वाजली नाही, कारण आवाजाला हवा लागते.

"वाजलीच नाय?" सुमन म्हणाली. "मंग किती शिट्ट्या झाल्या कसं कळायचं?"

"तो शिट्टीवर हात ठेवून बसतो. हाताला धक्का लागतो."

बायजीबायने विचार केला. "म्हंजे माजा नवरा. बाजूला ढोल वाजला तरी ऐकत नाय, कोपरानं ढोसलं की कळतं."

मी पुढे वाचले. अनंताने कूकर आत नेला, झाकण काढले, पाणी गाळले, आणि प्याला. ते पाणी परत काढून घेण्याची शास्त्राची आता हिंमत नव्हती. त्या म्हातारीने मला आपल्या ओंजळीतली करवंदे दिली. मला आजवर मिळालेले साहित्यिक मानधन एवढेच, आणि मी ते पूर्ण खाल्ले.

आज जांभळाखाली टेबलाशी बसून हे लिहिताना संपादकांचे वाक्य पुन्हा समोर येते. तहान हा हसण्याचा विषय नाही. या वाक्यामागे दया आहे, हे मी जाणतो. ती दया माझ्या धंद्याला फार परिचयाची आहे. अर्जाची एक भाषा असते: अर्जदार गरीब, अडाणी व असहाय असून. तसे लिहिले की कागद पुढे सरकतो. एकदा मी टँकरचा अर्ज वाचून दाखवत होतो, तेव्हा बायजीबायने मला अडवले. "अडानी कुनाला लिवलंस? आन् असहाय म्हंजे काय?" मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, "टँकर येतो तवर लिव तसं. पन आमी हाव काय तसं?"

या प्रश्नाचे उत्तर अर्जात देता येत नाही, अर्जाला तेवढी जागा नसते. ते मी कादंबरीत दिले आहे. ज्या कागदावर या बाया हात जोडून उभ्या नाहीत, हसत, भांडत, शास्त्राला उलट प्रश्न विचारत बसलेल्या आहेत, असा माझ्या हातून झालेला तो एकच कागद आहे. संपादक जे काढा म्हणतात ते काढले तर चंद्रावर एक तहानलेला माणूस उरतो, ज्याची कीव करून वाचक झोपी जाईल. तसा माणूस लिहायला मला चंद्रापर्यंत जाण्याची गरज नव्हती. हसणारा माणूस तहानलेला नसतो असे ज्यांना वाटते, त्यांनी उन्हात तापलेल्या हंड्यांच्या रांगेजवळ एक दुपार बसावे. मी तेथे बसलो आहे, आणि तेथे बसल्यामुळेच मी लेखक झालो, हे मी अभिमानाने व पूर्ण शुद्धीवर लिहून देत आहे.

काल टँकरची यंदाची पहिली फेरी झाली. पाड्यावर मला विचारले गेले, "काय रे दादा, छापून आला का आपला मानूस?" मी म्हणालो, प्रकरण विचाराधीन आहे. बायजीबाय म्हणाली, "म्हंजे नाय."

सबब संपादक महोदयांस विनंती करण्यात येते की, सदर कादंबरिका रांगेसह, कूकरसह व त्यातील सर्व हशासह, एकही ओळ न वगळता छापण्यात यावी. तसे करणे शक्य नसल्यास, पाड्यावरच्या बायांचा विनोद कोणत्या कारणाने खोटा ठरतो, ते सविस्तर व लेखी कळवण्यात यावे. आपले उत्तर आल्यानंतर ते टेपाच्या पाड्यावर, टँकर येण्याची वाट पाहत असलेल्या सर्व संबंधितांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात येईल. त्या वेळी उपस्थित बाया हसल्यास त्याची जबाबदारी अर्जदारावर राहणार नाही, याची नोंद घ्यावी.